हंडी, चूल आणि राज्य : चिनी भाषेतले स्वयंपाकघराचे शब्द



मागच्या खेपेला आपण प्लेटोपाशी थांबलो होतो आणि जाता जाता मी म्हणाले होते की पुढचं व्याख्यान स्वयंपाकघरातून होईल. काहींना ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती. आज चिनी भाषेतल्या शिजवण्या-खाण्याच्या शब्दांविषयी बोलायचं आहे, आणि बोलता बोलता आपण राज्यकारभारापर्यंत जाणार आहोत, कारण ते शब्दच तिकडे जातात.

एका लहानशा प्रसंगाने सुरुवात करते. माझा भाचा काही वर्षं शांघायला नोकरीला होता. कामापुरतं चिनी शिकला होता. एक दिवस ऑफिसात कुजबुज सुरू झाली की अमक्याला साहेबांनी 'छाओ योउयू' केलं. शब्द दोन्ही त्याच्या ओळखीचे. छाओ म्हणजे मोठ्या आचेवर परतणे, योउयू म्हणजे माकुल. त्याला वाटलं, डब्याची चर्चा चालली आहे. तो आनंदाने म्हणाला, आज माकुल आहे का जेवायला? सगळे गप्प. मग एकाने त्याला बाजूला घेऊन सांगितलं की त्या माणसाची नोकरी गेली.

माकुलाचे तुकडे तापल्या कढईत पडले की कडेकडेने वळतात आणि त्यांची सुरळी होते. जुन्या काळी दुकानातले, कारखान्यातले नोकर मालकाच्याच जागेत राहायचे, पण अंथरूण ज्याचं त्याचं. कामावरून काढलं की अंथरुणाची वळकटी करायची आणि निघायचं. वळलेलं माकुल त्या वळकटीसारखं दिसतं, म्हणून नोकरीवरून काढणं म्हणजे माकुल परतणं. हा प्रयोग हाँगकाँगकडच्या कॅन्टोनीज बोलीतला. तिथून तो साऱ्या चीनमध्ये गेला. भाचा मला फोनवर म्हणाला, "मावशी, हे आपल्या गाशा गुंडाळण्यासारखंच की." बरोबर आहे. फक्त गाशा म्हणजे खोगिरावर घालायचं कापड. आपल्या वाक्प्रचारात घोडा आला, त्यांच्या वाक्प्रचारात कढई. एवढ्यावरून दोन समाजांविषयी सिद्धान्त मांडायचा नसतो, हे मला कळतं. पण तेव्हापासून मी या शब्दांच्या मागे लागले ती आजतागायत.

आता प्लेटो. 'गॉर्जियस' या संवादात सॉक्रेटिस पाककलेविषयी जे बोलतो ते फार कठोर आहे. त्याच्या मते ती कला नव्हेच, ती सवयीने आलेली हातोटी. वैद्यक शरीराचं हित जाणतं, आचारी मात्र जिभेला काय आवडेल एवढंच पाहतो. म्हणून पाककला ही खुशामतीची एक जात. लहान मुलांच्या न्यायालयात वैद्य आणि आचारी उभे केले तर मुलं आचाऱ्याच्याच बाजूने निकाल देतील, आणि लोकांना खूश करणारे राजकारणी हे असे आचारी आहेत, असा त्याचा रोख. हे मी जवळजवळ तीस वर्षं शिकवलं. सकाळी पोळ्या लाटून, भाजी परतून कॉलेजात जायचं आणि नऊच्या तासाला सांगायचं की स्वयंपाक ही खुशामत आहे. माझ्या हातून तशी खुशामत फारशी झाली नाही, असं घरचे सांगतील.

ग्रीकांच्या या थोर पुरुषाला आचारी म्हणजे वाईट राजकारणी वाटला. चीनमध्ये याच्या नेमकं उलट झालं. तिथे आचारी हा चांगल्या राजकारण्याचा नमुना ठरला. आपल्याकडे भरतमुनींनी रसाची कल्पना समजावताना पदार्थांच्या चवीचाच दाखला घेतला, पण ती कल्पना त्यांनी नाट्यगृहात नेली. चिन्यांनी ती दरबारात नेली. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

आधी साधे शब्द बघू. 'छ्र' म्हणजे खाणे. (उच्चारासाठी ध्वनिमुद्रणच ऐका; देवनागरीत तो नीट बसत नाही.) मराठीत आपण मार खातो, बोलणी खातो, पैसे खातो, भाव खातो. चिनी माणूसही पुष्कळ काही खातो. नुकसान सोसलं तर त्याने तोटा खाल्ला. खरेदीत मधल्या मधे हात मारला तर दलाली खाल्ली. प्रियकराच्या किंवा नवऱ्याच्या बाबतीत मत्सर वाटला तर व्हिनेगर खाल्लं. यामागे थांग सम्राट थायझोंगची एक दंतकथा सांगतात. आपल्या मंत्र्याने दुसरी बायको करावी अशी सम्राटाची इच्छा, आणि मंत्र्याची पहिली बायको काही केल्या ऐकेना. सम्राटाने पेला पाठवला : मान्य कर, नाहीतर हे विष पी. तिने पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. आत व्हिनेगर होतं. कथा खरी असो नसो, शब्द पक्का रुजला. फार मत्सरी माणसाला आजही व्हिनेगरची बरणी म्हणतात.

'छ्र खू', म्हणजे कडू खाणे, याच्यापाशी मात्र थोडं थांबायला हवं. अर्थ कष्ट सोसणे. आपणही कडू घोट गिळतो, पण एकदाच आणि नाइलाजाने. चिनीत कडू खाता येणं हा गुण आहे. मुलाविषयी 'याला कडू खाता येतं' असं म्हटलं की ती शिफारस झाली. कडू हे त्यांच्याकडे गिळून टाकायचं औषध नाही, ते रोजचं जेवण आहे.

एखादी गोष्ट वाढवून सांगण्याला आपण तिखटमीठ लावणे म्हणतो, ते म्हणतात तेल घालणे, व्हिनेगर ओतणे. फडताळातले डबे वेगळे, खोड तीच.

यापेक्षा मोलाचा शब्द 'हुओहोउ'. हुओ म्हणजे अग्नी. होउ म्हणजे वेळ, पण घड्याळातली नव्हे, योग्य क्षणाची वाट पाहणं त्यात आहे. दोन्ही मिळून आच किती आणि किती वेळ याची जाण. पाक एकतारी झाला की दोनतारी हे मिनिटं मोजून कळत नाही. कालथ्यावरून ओघळणाऱ्या थेंबाकडे बघावं लागतं. ते बघणं म्हणजे हुओहोउ. ताओपंथी किमयागारांनी हा शब्द आपल्या भट्टीसाठी वापरला, पुढे श्वासाच्या आणि मनाच्या साधनेसाठीही. आज सुलेखन करणाऱ्याविषयी किंवा एखाद्या गायकाविषयी म्हणतात की हुओहोउ अजून पुरेसा नाही. आपण अशा वेळी म्हणतो, अजून मुरलेला नाही. आपला शब्द लोणच्याच्या बरणीतला आहे, तिथे माणसाने फक्त वाट पाहायची असते. हुओहोउमध्ये वाटही पाहायची आणि चुलीपुढून हलायचंही नाही.

त्याच कुळातला 'आओ', म्हणजे मंद आचेवर आटवत ठेवणे. जागरण करण्याला चिनीत रात्र आटवणे म्हणतात. परीक्षेच्या दिवसांत तिथली सगळी मुलं रात्री आटवत असतात. आणि तळणे व आटवणे हे दोन शब्द जोडले की यातना असा अर्थ होतो. माणूस स्वतःच कढईत असल्यासारखा.

आता दरबारात जाऊ.

चीनच्या जुन्या कथांमध्ये ई यिन नावाचा एक आचारी येतो. शांग घराण्याचा संस्थापक राजा थांग याच्याकडे तो राणीबरोबर आलेला नोकर म्हणून आला. त्याने राजाशी बोलायला विषय निवडला तो चवीचा. इ.स.पू. २३९च्या सुमारास तयार झालेल्या 'ल्यूश्र छुनछ्यू' या ग्रंथात हे सगळं सविस्तर येतं : मांसाचा वास कशाने जातो, पाच चवींतली कोणती आधी आणि कोणती नंतर, पाणी आणि अग्नी यांचं काम काय, आणि हंडीच्या आत जे सूक्ष्म बदल घडतात ते शब्दांत का सांगता येत नाहीत. ऐकता ऐकता राजाला कळतं की हा राज्याविषयी बोलतोय. ई यिन मुख्य मंत्री झाला. त्यामुळे 'हंड्यांतल्या चवी जुळवणे' याचा अर्थ अभिजात चिनीत पंतप्रधानपद सांभाळणे असा होतो. तुमच्या-माझ्या घरात कोणी चवी जुळवल्या तर त्याला कोणी पंतप्रधान म्हणत नाही, हा भाग निराळा.

मंत्र्यासाठीचा जुना शब्द 'झायश्यांग'. त्यातल्या 'झाय'चा आज बाजारातला अर्थ कापणे, जनावर कापणे. दुकानदाराने अवाच्या सवा पैसे लावले की गिऱ्हाईक म्हणतं, मला झाय केलं. आपणही म्हणतो, चांगलाच कापला. एकाच शब्दात मंत्रीही आहे, खाटीकही आहे आणि लुबाडणाराही. इतिहासकार सीमा छियान याने हान काळातल्या चेन पिंगची गोष्ट सांगितली आहे. तो गरीब घरचा मुलगा. गावच्या यज्ञानंतर मांसाचे वाटे करायचं काम त्याच्याकडे आलं. त्याने ते इतके समान केले की म्हाताऱ्यांनी शाबासकी दिली. तो म्हणाला की राज्याचे वाटे करायला मिळाले असते तर तेही असेच केले असते. पुढे तो खरोखर मंत्री झाला. या एका शब्दात न्यायाचा सगळा प्रश्न आहे : सुरी ज्याच्या हातात, तो समान वाटे करतो की कापतो?

लाओत्सेने मोठं राज्य चालवण्याची तुलना लहान मासे शिजवण्याशी केली, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी १९८८च्या आपल्या भाषणात ती तुलना वापरली होती. पण त्यातली गोम कोकणातल्या कुठल्याही बाईला भाष्याशिवाय कळेल. ओला बोंबील तव्यावर टाकला आणि चार वेळा उलटला तर ताटात काय येतं? लगदा. हान फेइ या कडक शिस्तीच्या राजनीतिज्ञानेही त्याचा हाच अर्थ लावला : मासा सारखा ढवळला की त्याची कांती जाते, कायदे सारखे बदलले की प्रजा हैराण होते. गंमत अशी की मासा एकच, पण लाओत्सेला त्यातून सांगायचंय की राज्यकर्त्याने हात आखडता घ्यावा, हान फेइला सांगायचंय की एकदा ठरवलेला कायदा ढळू देऊ नये, आणि रेगनना सांगायचं होतं की सरकारने बाजारात लुडबुड करू नये.

या सगळ्यांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो एक रस्सा. इ.स.पू. ५२२ची नोंद आहे, 'झुओ झुआन' या इतिहासग्रंथात. छी राज्याचा राजा शिकारीहून परतलाय. त्याचा लाडका दरबारी रथ हाकत भेटायला येतो. राजा खुशीत म्हणतो की माझ्याशी मेळ असलेला हा एकच माणूस. शेजारी यान यिंग नावाचा वृद्ध मंत्री उभा आहे. तो म्हणतो की हा मेळ नव्हे, हा नुसता सारखेपणा आहे.

इथे दोन शब्द आहेत, 'हऽ' आणि 'थुंग'. हऽ म्हणजे मेळ. लिहिताना या अक्षरात धान्याची काडी असते आणि शेजारी तोंड. जाणकार सांगतात की धान्य तिथे उच्चारासाठी आलंय, म्हणून धान्य अधिक तोंड बरोबर मेळ अशी सोपी बेरीज करू नये. ठीक, नाही करत. थुंग म्हणजे सारखं, एकसारखं.

राजा विचारतो, दोहोंत फरक काय? यान यिंग उत्तरादाखल रस्सा रांधून दाखवतो, अर्थात शब्दांनी. पाणी हवं, अग्नी हवा, व्हिनेगर, मुरवलेलं मांस, मीठ, आंबट आलुबुखार हवेत, मग मासा किंवा मांस. आचारी एका चवीने दुसरीची उणीव भरून काढतो, जे जास्त झालं ते कमी करतो. तसंच राजा आणि मंत्री. राजा ज्याला हो म्हणतो त्यात काही नको असलेलं असतं. मंत्र्याने ते नको दाखवावं, म्हणजे ते हो पुरं होतं. राजा ज्याला नाही म्हणतो त्यात काही घेण्यासारखं असतं. मंत्र्याने ते पुढे करावं. तुमचा हा लाडका तुम्ही हो म्हटलं की हो म्हणतो, नाही म्हटलं की नाही. पाण्याची चव सुधारायला पाणीच घातलं तर ते कोण पिईल? आणि लगेच दुसरा दाखला संगीताचा : सगळ्या वाद्यांनी एकच सूर धरला तर ऐकेल कोण? आपल्याकडे अशा माणसाला 'री ओढणारा' म्हणतात, तोही शब्द गाण्यातलाच.

आता प्लेटो आठवा. त्याने आचाऱ्याला खुशामती ठरवलं. यान यिंगने आचाऱ्याला साक्षीला बोलावलं ते खुशामतीच्या विरुद्ध. कारण प्लेटो खाणाऱ्याच्या जिभेकडे पाहत होता आणि यान यिंग हंडीत. हंडीत पाहणाऱ्याला ठाऊक असतं की विरोधी गोष्ट घातल्याशिवाय चव येत नाही. आंबट नसलेली आमटी, मीठ नसलेला शिरा, ज्याने केलाय त्याला हे पटवावं लागत नाही. आयुष्यभर मी विद्यार्थ्यांना तर्कातला विरोध शिकवला. हे दोनअडीच हजार वर्षांपूर्वीचं पाककृतीवजा उत्तर मला निवृत्तीनंतर सापडलं. वर्गात असताना सापडलं असतं तर बरं झालं असतं.

पण हंडी नुसती चवीची नसते, ती वाट्याचीही असते. त्याच ग्रंथात या आधीच्या शतकातल्या दोन गोष्टी आहेत. इ.स.पू. ६०६मध्ये छू राज्याच्या राजाने झोऊ सम्राटाच्या नऊ कांस्य हंड्यांचं वजन किती, असं विचारलं. तीन पायांच्या या हंड्या म्हणजे सार्वभौम सत्तेची खूण, आपल्याकडे छत्रचामर असावं तशी. चीनमध्ये राज्याची खूण मुळात स्वयंपाकाचं भांडं आहे, हे लक्षात घ्या. त्यांचं वजन विचारणं म्हणजे उचलून न्यायचा विचार असणं. 'हंड्यांविषयी विचारणे' हा प्रयोग आज चिनी वर्तमानपत्रांत क्रीडा पानावर भेटतो, अजिंक्यपदावर डोळा असणे या अर्थाने.

पुढच्याच वर्षी झेंग राज्यात कोणी मोठं कासव भेट पाठवलं. सरदार झिगोंग दरबारात येत होता, तेवढ्यात त्याची तर्जनी आपोआप फडफडली. तो सोबत्याला म्हणाला, हे बोट असं हललं की मला हमखास काही चवदार मिळतं. राजाला हे कळलं आणि त्याने मुद्दाम सगळ्यांना कासवाचा रस्सा वाढला, त्याला एकट्याला वगळलं. झिगोंग संतापला. उठला, हंडीत बोट बुडवलं, चाटलं आणि चालता झाला. राजा त्याला मारायला निघाला, पण राजाच आधी मारला गेला. चमचाभर रश्शापायी राज्य हादरलं. आज 'बोट बुडवणे' म्हणजे आपला हक्क नसलेल्या गोष्टीत वाटा घ्यायला जाणे. आणि त्या बोटाचं चिनी नाव शब्दशः 'खाण्याचं बोट'. आपल्या तर्जनीच्या मुळाशी संस्कृत धातू आहे धमकावण्याचा. तेच बोट; आपलं दटावतं, त्यांचं चाखतं.

एवढा वेळ मी ज्यांच्या गोष्टी सांगितल्या ते सगळे पुरुष आहेत, हे तुमच्या ध्यानात आलं असेल. घरात रोज शिजवणारी बाई या ग्रंथांत फारशी नाही. मेन्शिअसने म्हटलं की सज्जनाने स्वयंपाकघरापासून लांब राहावं. मुद्दा करुणेचा होता : जिवंत पाहिलेलं जनावर मरताना पाहवत नाही. पण पुढे त्या वाक्याचं शेपूट तेवढं उरलं आणि स्वयंपाकघरात न जाण्यासाठी पुरुषांना ते फार उपयोगी पडलं. बाई भेटते ती म्हणींत. कितीही हुशार सून असली तरी तांदळावाचून भात रांधू शकत नाही, ही म्हण लहान मुलांनाही येते. घरी खायला उरलं नाही तर म्हणतात, झाकण उघडता येत नाही. झाकण जड नसतं. उघडून काय पाहायचं, हा प्रश्न असतो.

या म्हणी १९५८नंतर अक्षरशः खऱ्या झाल्या. त्या वर्षी माओच्या 'मोठ्या झेपे'त गावोगावी कम्यून झाले आणि त्यांच्या सामाईक खानावळी. घरोघरचा स्वयंपाक बंद. घरातल्या कढया, हंड्या पुष्कळ ठिकाणी गोळा करून गावठी भट्ट्यांत पोलाद करण्यासाठी वितळवल्या. 'कढई फोडून लोखंड विकणे' असा जुना वाक्प्रचार आहे, होतं नव्हतं ते पणाला लावणे या अर्थाचा; इथे कढया खरोखर फुटल्या आणि जे पोलाद निघालं त्यातलं बरंचसं कुचकामी होतं. पहिले काही महिने पोटभर जेवण मिळालं, मग माप लागलं, मग पातळ पेज. काही गावांत कोणाच्या घरातून धूर निघतो का यावर पाळत असे. १९५९ ते १९६१च्या दुष्काळात कोट्यवधी माणसं मेली. यांग जिशेंग या पत्रकाराने कागदपत्रं धुंडाळून २००८मध्ये 'समाधिशिला' नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा अंदाज तीन कोटी साठ लाखांचा आहे. त्याचे स्वतःचे वडील त्यात गेले. खालून येणारे पिकांचे खोटे आकडे वरच्यांनी आणखी फुगवले, कारण नाही म्हणणाऱ्याची गत काय होते हे सगळ्यांनी पाहिलं होतं. पाण्यात पाणी घालणं चाललं होतं. १९६१मध्ये खानावळी बंद झाल्या.

भाषेने त्यातून एक शब्द राखून ठेवला : 'दा ग्वो फान', मोठ्या कढईतला भात. कोणी काम करो न करो, सगळ्यांना सारखंच, अशी व्यवस्था. १९७८मध्ये आन्हुई प्रांतातल्या श्याओगांग गावातल्या अठरा शेतकऱ्यांनी गुपचूप कागदावर अंगठे उठवले आणि जमीन घराघरांत वाटून घेतली. म्होरक्यांना तुरुंगात टाकलं तर त्यांची मुलं बाकीच्यांनी वाढवायची, असंही त्यात लिहिलं. हा कागद म्हणजे मोठ्या कढईतून बाहेर पडणं. पुढे सरकारनेच तो मार्ग धरला. १९८०मध्ये केंद्र आणि प्रांत यांच्या महसुलाची नवी वाटणी झाली, तिचं रूढ नाव काय असावं? 'वेगवेगळ्या चुलींवर जेवणे'. आपण एकत्र कुटुंबातून निघणाऱ्या भावाविषयी म्हणतो की त्याने वेगळी चूल मांडली. तिथे प्रांतांनी मांडली. आणि १९४९मध्ये माओने जुन्या राजवटीचे परराष्ट्र संबंध वारशाने न घेता नव्याने सुरुवात करायचं ठरवलं, त्या धोरणाचं नावही 'दुसरी चूल मांडणे' हेच होतं.

शहरात सरकारी कारखान्यातली कायमची नोकरी म्हणजे 'लोखंडी भाताचा वाडगा', कधी न फुटणारा. १९९०च्या दशकाच्या शेवटी तो फुटला आणि कोट्यवधी कामगार घरी बसले. माकुल परतण्याचा शब्द हाँगकाँगकडून आत येऊन अगदी वेळेवर हजर होता. दुसऱ्याच्या चुकीचा दोष डोक्यावर घेणं म्हणजे काळी कढई पाठीवर वाहणं. अलीकडे त्यातून एक नवा शब्द निघालाय, कढई भिरकावणे, म्हणजे आपला दोष दुसऱ्यावर ढकलणे. आता तो सरकारी प्रवक्त्यांच्याही तोंडी असतो.

शेवटी त्या 'हऽ'कडे परत जाते, यान यिंगच्या रश्शातल्या मेळाकडे. २००४पासून चीनच्या सत्ताधारी पक्षाने 'सुसंवादी समाज' हे ध्येय जाहीर केलं. सुसंवाद म्हणजे 'हऽश्ये', पहिलं अक्षर तेच. इंटरनेटवर न रुचणारं लिखाण गायब होऊ लागलं तेव्हा लोक म्हणू लागले, माझ्या लेखाचा सुसंवाद करण्यात आला. मग हा शब्दही गाळला जाऊ लागला. तेव्हा लोकांनी दुसरा काढला : नदीतला खेकडा. त्याचाही उच्चार हऽश्येच, फक्त शेवटचा सूर वेगळा. थुंगला हऽ म्हणण्याची चलाखी लोकांनी ओळखली होती, आणि तीही खाण्याच्याच शब्दात पकडली.

आय वेइवेइ या कलावंताने शांघायजवळ स्टुडिओ बांधला होता, स्थानिक अधिकाऱ्यांच्याच निमंत्रणावरून. पुढे तो बेकायदा ठरवून पाडायचा हुकूम निघाला. आयने जाहीर केलं की पाडण्याआधी मेजवानी होईल आणि ताटात नदीतले खेकडे असतील. त्याला बीजिंगमध्ये घरातच अडकवून ठेवलं. ७ नोव्हेंबर २०१० रोजी यजमान नसताना शेकडो लोक तिथे जमले, आणि बसून त्यांनी खेकडे खाल्ले. जानेवारीत स्टुडिओ पाडला.

थांबते. आता तुमचे प्रश्न घेऊ. आणि कोणाला माझं म्हणणं पटलं नसेल तर आधी त्यांनी बोलावं.